खाली काय, लाकूड का फरशी?

कोणाच्याही दारात पाऊल ठेवल्यावर आपण आधी घरातल्या माणसांकडे पाहतो. हे गृहस्थ खाली पाहत. चपलेतून उजव्या पायाचा अंगठा बाहेर काढून जमिनीवर घासत, तोंड वाकडे करत आणि विचारत, "खाली काय, लाकूड का फरशी?" नमस्कार नाही, चौकशी नाही. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. त्या घरातली बाई पदराने डोळे पुसत पुढे आली, तर ह्यांचा तिलाही हाच प्रश्न. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

प्रश्नाचे कारण नमूद करतो. हे गृहस्थ चेलो वाजवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचे थोरले भावंड. खुर्चीवर बसून ते दोन गुडघ्यांत धरायचे असते. त्याच्या बुडाला लोखंडी अणकुचीदार दांडी असते आणि ती जमिनीत रुतून बसली नाही तर वाद्य पुढे पुढे घसरत जाते. सबब त्यांना लाकूड लागे. आपल्या जालन्यात आता लाकडी जमीन कोठे राहिली आहे? जो उठतो तो आरशासारख्या चकचकीत फरश्या बसवतो आणि त्यांवर स्वतःच घसरून पडतो.

मी कचेरीच्या आवारात अर्जनवीस आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची हिंमत काळ्या कोटातल्या माणसांनीही कधी केलेली नाही. ती ह्या गृहस्थांनी पहिल्याच भेटीत केली. मंगल कार्यालयाच्या भोंग्यांविरुद्ध त्यांना अर्ज हवा होता. मी कलमांसह, क्रमवार, दोन पाने भरून मजकूर तयार केला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याच पेनाने खालपासून वरपर्यंत एक तिरपी रेघ ओढली.

"एवढं काहून लिहिलं, मुन्शी? 'आवाज बंद करा' लिहा. खलास."

"अहो, अर्जाची एक रीत असते."

"रीतीनं लई अर्ज दिले म्या. तिकडं आवाज चालूच राह्यला ना?"

एवढे बोलून त्यांनी तपकिरीची डबी काढली, चिमूट नाकात कोंबली आणि माझ्या कोऱ्या कागदांवर शिंकले. ज्या रुमालाने नाक पुसले, त्याच रुमालाने ते चेलोच्या तारा पुसत, हे मला पुढे कळले. त्या रुमालाच्या आठवणीने आजही घास घशाखाली उतरत नाही.

ते रेल्वेत होते. नोकरीची सगळी वर्षे सिकंदराबादेत गेली. तेथे बरोबरीच्या एका गार्डाने त्यांना हे वाद्य शिकवले आणि मरताना देऊनही टाकले. त्यांचे घराणे मूळचे केदारखेड्याचे, छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. भाऊबंदांत मास्तर झाले, एक जण डॉक्टर झाला. हे एकटे असले काहीतरी घेऊन परत आले, असे घरचे म्हणत. लग्न केले नाही. विचारले तर म्हणत, "खुर्ची एकच हाये घरात."

अर्ज दाखल करण्यापूर्वी स्थळपाहणी करण्याचा माझा शिरस्ता आहे. त्याप्रमाणे एका रविवारी मी मंगल कार्यालयाच्या शेजारच्या घरी गेलो. हे गृहस्थ वाजवायला बसत ते घर हेच. तेथे एक बाई राहत. मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे भिंतीला टेकून उभा असलेला पियानो होता. तिसरा होता पिंपळगाव रेणुकाईचा फौजी. पलटणीच्या बँडमध्ये तो आडवी, चांदीसारखी चकाकणारी बासरी वाजवत असे. आता शेती करी आणि दर रविवारी मोटारसायकलला मेथीच्या जुड्या बांधून बाईंकडे येई. बासरी, चेलो आणि पियानो, असे हे तिघे कित्येक वर्षे कोण्या परदेशी माणसाने रचलेली एकच रचना बंद खोलीत बसून घोकत होते.

बाईंच्या खोलीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर ह्या गृहस्थांनी बाईंचा जुना पोळपाट पालथा टाकला होता आणि त्याच्या मधोमध चेलोची दांडी खुपसली होती. ज्याच्यावर एके काळी पोळ्या लाटल्या, त्याला लोखंडी टोकाने भोके पाडून चाळण केलेली! आणि बाई हसत होत्या.

पहिल्या दिवशी मला तो प्रकार तीन माणसांनी तीन खोल्यांत भांडावे तसा वाटला. तबला नाही, गाणे नाही, माईक नाही. हे गृहस्थ वाजवताना नाकाने असा श्वास घेत, जणू बैल पाणी पीत आहे. फौजी मध्येच भरकटला तर डोळेही न उघडता गुरगुरत, "तू वर काय करायचं ते कर. खालून धरलंय म्या."

बाईंची बोटे आखडू लागली होती. दोन्ही हात पियानोवर असताना पान उलटणे त्यांना जमेना. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, मी मान हलवली की पान उलटाल?" कागद उलटणे हा माझा व्यवसायच आहे. मी रुकार दिला. त्यानंतर एकही रविवार मी चुकवला नाही. मला ती लिपी वाचता येत नव्हती. परंतु कागदाची मांडणी कोणतीही असो, मला कळते. वरच्या ओळीत फौजी, तिच्याखाली हे, सर्वांत खाली जोडओळीत बाई. ज्याची ओळ रिकामी, तो गप्प. कचेरीत ही शिस्त मी जन्मात पाहिली नाही. तेथे सगळे एकदम बोलतात.

रचनेचे तीन भाग होते. मधला भाग संथ. त्याची सुरुवात चेलो एकटाच करतो. तो भाग सुरू झाला की ह्या गृहस्थांचा तो ओबडधोबड, तपकिरीने पिवळा पडलेला चेहरा असा काही होई की मी कागदाकडे पाहत राही. माणसाचा चेहरा इतका उघडा पाहू नये.

मग बाईंच्या लेकीने त्यांना पुण्याला नेण्याचे ठरवले. दिवाळीनंतर जायचे, पियानो विकायचा. त्या रविवारी कोणी काही वाजवले नाही. हे गृहस्थ पोळपाटाकडे पाहत म्हणाले, "एकदा मान्सांपुढं व्हायला पाह्यजे. पुरा. मधात न थांबता. एकच डाव."

"कोण ऐकणार, काका?" फौजी म्हणाला.

"न ऐकंनात. पण पुरा."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलेले मी पाहिले नव्हते. मी शब्द टाकला. गावातल्या एका संस्थेचा वर्धापनदिन होता. संस्थेचे नाव लिहून मी माझी लेखणी खराब करणार नाही. तिचे अध्यक्ष माझ्या ओळखीचे. "इंग्रजी वाद्यं आहेत, फोटो छान येतील," एवढ्यावर ते राजी झाले. मोंढ्यातले हमाल लावून पियानो टेम्पोत चढवला. बाई टेम्पोमागून रिक्षाने आल्या आणि सबंध वाटभर म्हणत होत्या, "हळू रे बाबांनो."

मंचावर फरशी. चकचकीत. ह्यांनी अंगठा घासला आणि पिशवीतून पोळपाट काढला. संयोजक धावत आला.

"ओ काका, हे काय? स्टेजवर पोळपाट? पाहुणे काय म्हणतील?"

"लाटायला न्हाई आणला, बाबा. टेकायला आणला."

"बिलकुल नाही. खाली ठेवा ते."

मी मध्यस्थी केली, नियम दाखवा म्हणालो. पण तो ऐकेना. तेव्हा ह्या गृहस्थांनी समोर बसलेल्या समस्त प्रतिष्ठितांसमक्ष आपला कमरेचा पट्टा सोडला. त्याचे एक टोक खुर्चीच्या पायाला बांधले आणि दुसऱ्या टोकाच्या कडीत चेलोची दांडी अडकवली. विजार ढिली झाली, तिला हाराच्या सुतळीने गाठ मारली. पुढच्या रांगेतल्या बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. लाजेने माझी मान खाली गेली. वाद्य मात्र तसूभर हलत नव्हते.

त्यानंतर सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. ज्यांनी शाली आणल्या त्यांनाही शाल मिळाली. लोक खाऱ्या शेंगा खाऊन टरफले खुर्च्यांखाली टाकत होते, एक जण भिंतीच्या कोपऱ्यात थुंकून येत होता. आपण सर्वांनीच असले समारंभ पाहिलेले आहेत. मी अधिक वर्णन करत नाही. अखेर निवेदकाने ह्यांची ओळख "इंग्रजी ऑर्केस्ट्रा पार्टी" अशी करून दिली.

पहिला भाग झाला. टाळ्या पडल्या. निवेदक माईककडे निघाला, त्याला मी हाताने थांबवले. दुसरा भाग सुरू झाला. चेलो एकटा. आणि मी सत्य तेच सांगतो, सभागृहातले शेंगा फोडणे थांबले. बाईंनी मान हलवली, मी पान उलटले. फौजीची बासरी वरून अलगद आली.

तेवढ्यात बाहेर ताशा कडाडला. प्रमुख पाहुणे आले. ते उशिरा आले होते आणि त्यांना लवकर जायचे होते. निवेदक ओरडला, "टाळ्यांच्या गजरात स्वागत!" पाहुणे सरळ मंचावर चढले. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितले की कलावंतांचा सत्कार तेवढा आत्ताच उरकून घ्यावा.

आणि पाहुण्यांनी मागून येऊन, वाजवत असलेल्या ह्या माणसाच्या खांद्यांवर शाल टाकली. दोन्ही दंडांवरून घट्ट ओढून घेतली. गज तारेवर होता. तो तेथेच अडकला. जो आवाज निघाला तो मी विसरू शकलेलो नाही. बाईंचा नारळ त्यांनी पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला. तो गडगडत गेला, सगळ्या पट्ट्या एकदम किंचाळल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

शालीत आवळलेले हे गृहस्थ चेलोसमोर लावलेल्या माईकमध्ये म्हणाले, "पुरा होऊ द्या की हो."

आवाज चढलेला नव्हता. एखादे लेकरू मागते तसा होता. ह्या माणसाचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"छान, छान! चालू द्या," पाहुणे म्हणाले आणि खाली उतरले. निवेदकाने लगेच बालगोपाळांच्या नृत्याची घोषणा केली. भोंगे सुरू झाले. फौजीने बासरी फडक्यात गुंडाळली. बाई पियानोच्या पट्ट्यांवरचा नारळाचा काथ्या वेचत बसल्या. मी अध्यक्षांना तेथेच चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "अहो, शाल चांगली होती." त्या दिवसापासून मला शालीचा वीट आला आहे. थंडीत मी घोंगडी पांघरतो.

दिवाळीनंतर बाई गेल्या. पियानो एका फर्निचरवाल्याने नेला. पोळपाट मात्र बाईंनी स्वतःच्या सामानात बांधला. फौजीला संभाजीनगरला रखवालदाराची नोकरी लागली. रविवार मोकळे झाले.

अशाच एका रविवारी मी कचेरीच्या आवारात राहिलेले मसुदे पुरे करत बसलो होतो. सुटीमुळे आवार ओस. माझे टेबल-खुर्ची ज्याच्यावर असतात ते सागवानी तख्त जमिनीपासून वीतभर उंच आहे. पावसाचे पाणी आत येते म्हणून मी ते करून घेतले. पाहतो तर हे गृहस्थ पाठीवर चेलो घेऊन फाटकातून येत होते. तख्तापाशी थांबले. अंगठा बाहेर काढला.

"खाली काय?"

"सागवान," मी म्हणालो.

"बराबर." त्यांनी माझे टेबल ढकलून खाली उतरवले, मला माझ्या खुर्चीवरून उठवले, स्वतः बसले आणि माझ्या तख्तात दांडी खुपसली. परवानगी वगैरे काही नाही.

त्यांनी मधला भाग सुरू केला. फक्त स्वतःचा. जेथे त्यांची ओळ रिकामी, तेथे ते गज वर धरून गप्प बसत, पायाने ठेका मोजत, फौजीला आणि बाईंना त्यांची जागा देत. मग पुन्हा शिरत. भिंतीवर पानाच्या पिंका, कोपऱ्यात मुताचा वास, दोन कुत्री कचरा उचकत होती. त्या घाणीत हा माणूस दोन गैरहजर माणसांसाठी थांबत होता.

एका शांततेत माझा हात आपोआप वर उठला. समोर कागद नव्हता.

डोळे न उघडता ते म्हणाले, "उशीर केला, मुन्शी. बाई फुडं निघून गेल्या."

ते वाजवत राहिले. कोणी आले नाही, कोणी शाल टाकली नाही. शेवटचा स्वर संपल्यावर त्यांनी नाकाने मोठा श्वास सोडला, गज गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "झाला पुरा." मग तोच रुमाल काढून नाक पुसले आणि तारा पुसल्या. मी तोंड फिरवले.

त्या हिवाळ्यात ते गेले. चेलो पुतण्याने नेला. त्याच्या हॉटेलात तो गल्ल्यामागे उभा आहे, तारा काढलेल्या, अंगावर रंगीत दिव्यांची माळ. मी त्या हॉटेलात चहा पीत नाही.

तख्तात पडलेले भोक तसेच आहे. माझ्याकडे येणारे लोक अर्ज लिहून होईपर्यंत त्यात जळक्या काड्या टाकतात, गुटख्याच्या पुड्या कोंबतात. मी पाट्या लावून पाहिल्या. सुताराने विचारले, बुजवून देऊ का? मी नको म्हणालो. रोज सकाळी टेबल मांडण्यापूर्वी मी खाली वाकतो आणि कागद शिवण्याच्या दाभणाने ते भोक कोरून साफ करतो. लोकांची ती ओली घाण टोकाला लागून बाहेर येते. किळस येते. दाभण पुसून मी पहिला अर्ज लिहायला घेतो.