बारा नंबरच्या खोलीचं कुलूप

प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. त्यांनी शेगावात एखाद्या लॉजचं बुकिंग ऑनलाइन आणून बघावं. वैशालीच्या आणि माझ्या छोट्याशा ऑफिसचं ते पहिलंच काम, आणि किस्से तेव्हापासून साचतायत.

पहिल्याच गुरुवारी बारा नंबरची मोठी खोली दोन कुटुंबांना मिळाली. एक जळगाव जामोदचं, दुसरं वर्ध्याचं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि आमच्या प्रोग्रामने दोघांनाही हो म्हटलं! मॅनेजर पुंजाजीकाकांनी दोन्हीकडच्या बायकांना एका बाकावर बसवून चहा पाजला. दुसरी खोली रिकामी होईपर्यंत दोघींची गट्टी जमली. लॉजचे शेठ मात्र आम्हाला म्हणाले, "पुन्हा असं झालं तं वेबसाइट बंद. आपलं रजिस्टरच बरं."

म्हणजे ऑफिस गुंडाळून आम्ही पुण्याला नोकरी शोधायला मोकळे. मला तर झोप लागेना.

*

वैशालीने प्रोग्रामला कुलूप घातलं. एकाचं बुकिंग चालू असताना दुसऱ्याने थांबायचं. ऑफिसात झकास चाललं, पण सर्व्हरवर चाचणी घेतली तर पुन्हा एक खोली दोघांना. तिथे तोच प्रोग्राम चार प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच वेळी चार प्रतींत चालायचा, आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं.

पुंजाजीकाकांनी चाव्यांच्या फळीकडे बोट दाखवलं. "माह्याकडं काउंटरवर मानसं चार. पन बाराची चावी एकाच खिळ्यावर. ज्याच्या हाती चावी, त्याची खोली."

आम्ही निमूटपणे कुलूप डेटाबेसमध्ये, म्हणजे बुकिंगच्या एकमेव नोंदवहीत हलवलं, चारही प्रतींसाठी एकच.

*

मग एक गिऱ्हाईक अर्धं बुकिंग करून मोबाइल खिशात टाकून निघून गेलं. खोली दिवसभर अडकली.

काका हसले. "मानूस चावी घेऊन खोली पाहाले जाते, अन् तसाच दर्शनाले जाते. आमचं रोजचंच हाय. मी एक चहा होईस्तोर थांबतो, मंग दुसऱ्याले देतो."

वैशालीने काकांचा चहा घड्याळ लावून मोजला. दहा मिनिटं. ती मुदत प्रोग्राममध्ये आजही आहे, आणि तिचं नाव 'चहा'.

*

पुढच्या गर्दीच्या गुरुवारी शेठ जुनं रजिस्टर घेऊनच काउंटरवर बसले. आम्हीही तिथेच उभे होतो. दुपारी जळगाव जामोदचं ते कुटुंब आलं. मागोमाग वर्ध्याचं. बाकावरच्या त्याच दोघी मैत्रिणींनी मोबाइल पुढे केले. दोन्हींवर बारा नंबर.

शेठांनी पेनाचं टोपण काढलं. वैशाली घाईघाईने मोबाइलवर बुकिंगची यादी उघडू लागली.

जळगाव जामोदच्या मावशी तिच्याजवळ गेल्या. "काऊन घाबरली वं पोरी? बुकिंग एकच हाय. म्याच केलं, अन् हिले त्याचा फोटो धाडला. आता आमी संगच येतो."

शेठांनी टोपण लावलं आणि रजिस्टर काउंटरखाली सरकवलं.