नाव नसलेली बाळं

काल पुतण्याच्या मुलीच्या बारशाला आत्याने तिच्या कानात नाव सांगितलं आणि धुपाच्या वासात मला सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातली आमची जुनी भाड्याची खोली आठवली.

मी तेव्हा पीएचडी करत होतो. दोन महायुद्धांमधल्या सिंगापूरच्या एका दाट वस्तीत सुईणींच्या घरभेटींमुळे किती बाळं वाचली, हा विषय होता. माझी बायको मेधा मृत्युनोंदींच्या झेरॉक्स वाचून दाखवायची, मी कॉम्प्युटरवर भरायचो.

“नाव नाही. सहा दिवसांचं. ताप.”

“नावाशिवाय नोंदच घेत नाहीये हा प्रोग्रॅम. सोड.”

“सोड काय? ‘बाळ’ लिही ना!”

“अशी खूप आहेत गं. महिन्याभरात प्रबंध द्यायचाय.”

“अरे, जन्मली होती ती.”

मी ती ओळ वगळली. ती पुढचं नाव वाचू लागली.

वस्तीत बालमृत्यू घटले, असं मी प्रबंधात लिहिलं. परीक्षक खूश झाले, वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीत नोकरी लागली. तेव्हा नाव नसलेली नोंद मला नुसती टायपिंगची अडचण वाटली होती. आता कळतं, नाव ठेवण्याआधीच गेलेली सगळी बाळं मी मोजणीतून काढून टाकली होती, म्हणून मृत्यू कमी दिसले.

काल बारशाहून परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मी मेधाला म्हणालो, “विद्यापीठाला सगळं कळवतो.”

“कळव,” ती म्हणाली. “आणि माझंही नाव घाल. पुढची ओळ मीच वाचली होती.”