चाक फिरत असताना

शोभाताई इंगळे कुठेही शेवटपर्यंत बसल्या नाहीत. बस मूर्तिजापूर सोडते न सोडते तोच त्या अकोल्याला उतरायच्या तयारीनं दाराशी उभ्या. चहा अर्धा टाकून उठत. अमरावतीच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत या दुर्गुणाचा त्यांना पगार मिळे. आम्ही दुकानांना ऑनलाइन विक्रीची व्यवस्था उभी करून द्यायचो आणि ती कुठे मोडते हे ताई शोधायच्या. पैसे भरताना पडद्यावर चाक फिरू लागलं की त्या मागे जात, पुन्हा बटण दाबत, नेट बंद करत. "मी थांबत नाई, तं गिऱ्हाईक कावून थांबन?"

अकोल्याच्या तायडेबाईंच्या पापड-कुरड्यांच्या गृहउद्योगाचं काम आलं. उद्घाटनाचे पाहुणे ठरले, मांडव ठरला, आमच्या साहेबांचं भाषण तर सर्वांत आधी ठरलं. चाचणीच्या खोट्या कार्डानं पैसे भरून ताईंनी मध्येच पान बंद केलं. बँकेकडे पैसे जमा दिसले, आमच्याकडे ऑर्डरच नाही. ग्राहक पानावर परत आला तरच आमचं सॉफ्टवेअर ऑर्डर नोंदवत होतं. पैसे भरून मध्येच पान कोणी बंद करत नाही, असं साहेबांचं मत पडलं.

"म्या केलं ना," ताई म्हणाल्या. "अन् शिव्या तुमाले नाई, तायडेबाईले पडतीन. तिच्या पापडाले चोरीचा वास येईन."

मग ग्राहक निघून गेला तरी बँकेकडून परस्पर येणाऱ्या संदेशावर ऑर्डर नोंदवायची, अशी दुरुस्ती झाली. संदेशाला उशीर झाला तर? पडद्यावरच्या ओळी लिहिणं माझ्याकडे होतं. मी लिहिलं होतं, ‘आपला व्यवहार प्रक्रियाधीन असून कृपया प्रतीक्षा करावी.’

ताईंनी उभ्याउभ्याच वाचलं. "हे कोनाले लिहून राहिला, बाबू? तहसीलदाराले?"

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं: ‘पैसे आले का पाहतो आहोत. पुन्हा भरू नका.’ साहेबांना ही ओळ अशुभ वाटली. ती काढली तर तायडेबाईंना आपण स्वतः फोन लावू, असं ताई शांतपणे म्हणाल्या. ओळ राहिली.

मांडवात पाहुण्यांनी पहिल्या ऑर्डरचं बटण दाबलं. चाक फिरू लागलं. मोठी माणसं ग्राहकाहून अधीर असतात. त्यांनी पुन्हा दाबायला बोट उचललं, आणि माईकसमोरच ती ओळ मोठ्यानं वाचली. बोट हवेतच राहिलं. साहेब माझ्याकडे पाहत होते. तायडेबाईंनी पदर मुठीत आवळला होता. मी मागे वळलो. ताई चपला घालून मांडवाच्या दोरीपाशी उभ्या होत्या, पण निघाल्या नव्हत्या. त्यांना इतका वेळ एका जागी मी प्रथमच पाहत होतो.

ऑर्डर आली. एकच आली. तायडेबाईंनी पदर सोडला आणि ताईंना शोधू लागल्या, तर दोरीपाशी कोणी नव्हतं.

मी आयुष्यात बरंच लिहिलं. त्यातली सर्वांत जास्त वाचली गेलेली ओळ माझी नाही.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी शाल-श्रीफळाचा बेत केला. भाषण ‘संस्थेचा आधारस्तंभ’ इथवर आलं आणि पाहतो तर खुर्ची रिकामी, चहा अर्धा. माझा फोन थरथरला. ताईंचा मेसेज होता: "मी बसमंदी हाये. सत्कार पोचला. पुन्हा करू नका."

साहेब अजून बोलतच होते.