जाळीच्या शिवणीतला किडा

गल्लीत सगळे तिला किडेताई म्हणत. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पायानं खडे ढवळायची, पुढे जाळी धरायची आणि सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्यानं निवडायची. पाण्यात कोण राहतं यावरून पाण्याची तब्येत सांगायची, हे तिचं काम.

त्या दिवशी भावाच्या घरामागच्या ओढ्याची पाळी होती. वरच्या अंगाच्या लॉन्ड्रीच्या सांडपाण्यानं त्याचा रंगच बदलला होता. ते पाणी लॉन्ड्रीवाल्यानं स्वखर्चानं पाइप टाकून दुसरीकडे वळवायचं की नाही, हे तिच्या शब्दावर ठरणार होतं. काठावर ही गर्दी! भाऊ जो भेटेल त्याला सांगत होता, "माझी धाकटी बहीण." ती सकाळीच डोंगरातल्या झऱ्यावर जाऊन आली होती. एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना जाळी धुवायची, वाळवायची, हा या कामातला पहिला धडा. पण एवढी माणसं ताटकळत असताना जाळी धूत कोण बसणार?

ट्रेमध्ये लाल अळ्या आणि जळवा वळवळत होत्या. कोपऱ्यात मात्र दोन शेपट्यांचा एक चपटा किडा होता. स्वच्छ, गार पाण्याशिवाय न जगणारा. तो हलत नव्हता. दगडांवर गाळाचा थर होता, काठ उघडाबोडका होता, तेही तिला दिसत होतं. तरी तिनं चिमटा उंच धरला, सगळ्यांच्या नजरा वर गेल्या, आणि ती म्हणाली, "ओढा जिवंत होतोय."

टाळ्या पडल्या. पाइपाचं काम बारगळलं. लॉन्ड्रीवाल्यानं तर हात जोडले, म्हणाला, तुमच्या किड्यानं तारलं बघा. भाचरं पाण्यात डुंबायला लागली.

पुढे जाळी फाटली म्हणून ती शिवायला बसली, तर शिवणीत तसलाच एक किडा, वाळून कडक झालेला. तिनं सुई बाजूला ठेवली. भावाचा फोन वाजायचा, ती नुसती बघत राहायची. मग वहिनीचा निरोप आला, धाकट्या लेकीच्या पायांना पुरळ उठलंय.

तिनं सगळ्यांना पुन्हा काठावर बोलावलं. ट्रेमध्ये या वेळी फक्त अळ्या आणि जळवा.

"तो किडा डोंगरातला होता. माझ्या जाळीला चिकटून आलेला. मी जाळी धुतली नव्हती."

लॉन्ड्रीवाला पुटपुटला, म्हणजे पाइप आलाच. भाऊ आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्या दिवशी तो कुणालाच 'माझी बहीण' म्हणाला नाही.

"इतके दिवस पोरं पाण्यात होती, वन्सं," वहिनी हळूच म्हणाली.

वहिनी घरात गेली. आता दार लागणार, असं किडेताईला वाटलं. पण वहिनी स्वच्छ पाण्याची बादली घेऊन आली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"जायच्या आधी जाळी धुवा. इथंच, सगळ्यांसमोर."

किडेताई खाली बसली आणि मान वर न करता जाळी धुवू लागली.