जापार आके आणि नावं परत देणारा कडा

जापार आकेंना आमच्या गावात लोक आवाजावरून ओळखतात; आके म्हणजे थोरला भाऊ. चेहरा साधा, कुठल्याही गर्दीत हरवेल असा. पण कोक-बोरूच्या, म्हणजे घोड्यांवरून बोकड पळवण्याच्या खेळाच्या, मैदानावर त्यांनी माइक हातात घेतला की घोडेसुद्धा कान टवकारतात. तरुणपणी ते आमच्याच टीममधून खेळायचे. एकदा घोड्यावरून वाकून बोकडाचं धूड उचलताना गुडघा घोड्याखाली आला. तेव्हापासून ते निवेदक झाले. आधी स्वाराचं नाव, मग बापाचं: "एलामान, तुर्दुबेकचा मुलगा!" मैदानापलीकडे नदी आहे आणि नदीपलीकडे लाल कडा. आकेंनी फेकलेलं नाव तो कडा जरा उशिरानं परत देतो.

ते परत आल्याशिवाय आके पुढचं नाव घेत नाहीत. बाहेरगावचे लोक यावरून त्यांची टिंगल करतात. आम्ही करत नाही. एका वसंतात त्यांनी एका स्वाराचं नाव घेतलं आणि ते परत आलंच नाही. वारा उलटा असेल, असं सगळे म्हणाले. त्याच सामन्यात तो पोरगा कझानाच्या मातीच्या कठड्यावर आपटला. ज्या कझानात बोकड टाकून गोल करायचा, त्याच्याच कडेला तो पडून राहिला, पुन्हा उठला नाही.

मैदानावरचे स्पीकर मी लावतो. राजधानीत, बिश्केकला, इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलो आहे. प्रतिध्वनी कधी येतो, कधी येत नाही, हे मी आकेंना मातीत काठीनं रेघा ओढून समजावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर असेल रे बाबा," ते म्हणाले, "पण थांबायला आपलं काय जातंय?"

शरद ऋतूत बेगिमाय गेली. नर्सिंग शिकणारी मुलगी, आमच्याच गल्लीतली. बस थांब्यावरून तिला गाडीत कोंबून नेलं, जबरदस्तीनं लग्न लावायला. गाडीतून उडी मारली की पडली, कुणी सांगत नाही. गाडी चालवणारा आमच्या टीमचा राखीव स्वार होता.

टीमचा कप्तान एलामान मला घेऊन आकेंच्या घरी गेला. आकेंची बायको चहा ओतत होती. आम्ही तिला आपा म्हणतो. म्हातारी माणसं तिला 'जापारची बायको' म्हणतात आणि आके नुसतं 'ऐकलंस का' म्हणतात. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि त्यात मला कधी काही वावगंही वाटलं नव्हतं. पाहुण्यांसमोर ती बोलत नसे. मैदानावरही ती कधी आलेली कुणाला आठवत नाही, घर मैदानालगतच्या टेकडीच्या अगदी मागेच असून.

"आके," एलामान म्हणाला, "अंतिम सामन्याआधी स्वारांच्या नावांसोबत बेगिमायचंही नाव घ्या. आम्ही सगळे टोप्या काढून कड्याकडे तोंड करून उभे राहू. यापुढे असल्या कामात आमचा स्वार नसेल, हे गावाला कळू दे."

"समिती तुम्हाला बाद करेल."

"करू दे."

"करू दे म्हणे! घोड्याला चारा तुझा बाप घालतो म्हणून सुचतंय हे." आके हसले. "हे बघ, आपलं काम काय? बोकड उचलायचा, कझानात टाकायचा. पोलीस आहेत, मौलवी आहेत, पंच आहेत. टीमचा यात संबंध काय? आणि मेलेल्या पोरीचं नाव मी त्या कड्याकडे फेकणार नाही. नाही परत आलं तर? आणि आलं तर?"

आपा चहा ओतत होती. आमच्याकडे प्याल्यात चहा तळाशी थोडाच ओततात, म्हणजे पाहुणा बसतो आणि पुन्हा पुन्हा प्याला पुढे करतो. प्याला काठोकाठ भरून दिला की समजायचं, उठा आता. एलामानला तिनं थोडा चहा दिला. मलाही थोडाच. तिसरा प्याला तिनं काठोकाठ भरला, इतका की चहा वर फुगून आला, आणि तो आकेंपुढे ठेवला.

एलामानला वाटलं, चुकून झालं. "आपा, तो मला द्यायचा होता ना? जातो, जातो!"

"तू बस," आपा म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मला आणायला कोण आलं होतं? अख्खी टीमच होती ना? सामना बघायला आले होते मी. घोड्यावर आडवी टाकून नेलंत. तुमच्या आईनं डोक्यावर नव्या सुनेचा पांढरा रुमाल टाकला तेव्हा अंगणात तुमचेच स्वार बसून मटण खात होते. तेव्हा टीमचा संबंध होता."

आके प्याल्याकडे बघत राहिले. चहा सांडल्याशिवाय तो उचलता येत नव्हता.

"बाबा नदीपलीकडे त्या कड्याखाली माझ्या नावानं हाका मारत फिरले," आपा म्हणाली. "मला इथं आत ऐकू येत होतं. मग एके दिवशी ऐकू यायचं बंद झालं."

बाहेर कुठलासा घोडा फुरफुरला. आम्ही दोघं उठलो.

नंतर मला आकेंच्या शेजाऱ्याकडून कळलं, आपा रोज त्यांना काठोकाठ प्याला देत होती. बोलणं नाही, भांडण नाही. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले. फक्त प्याला भरलेला. घर त्यांचंच, आणि रोज सकाळी त्यांना 'निघा' असं सांगितलं जात होतं.

सामन्याच्या दुपारी नदीवर धुकं होतं. कडा अर्धाच दिसत होता. समितीचे अध्यक्ष माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "नावं स्वारांची घ्यायची, जापार आके. इथं सभा भरवायची नाही."

आकेंनी स्वारांची नावं घेतली. एकेक करून सगळी परत आली. मग ते थांबले. एलामाननं टोपी काढली, मागोमाग सगळ्यांनी. घोडे कड्याकडे वळले.

"बेगिमाय," स्पीकर दणाणले, "असानची मुलगी!"

कड्यानं काहीच दिलं नाही.

आम्ही थांबलो. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त थांबलो. मैदानावर एवढी माणसं, एकही खोकलं नाही. एक घोडा मागे सरला, दुसराही सरला. आणि माझा जनरेटर आचके देत बंद पडला. मी वाकून दोरी ओढायला लागलो. डिझेल भरपूर होतं.

आकेंना माइक बंद झाल्याचं कळलं नसावं. ते बोलले तेही जोरात नाही, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. अध्यक्षांनाही नीट ऐकू गेलं नाही. मी अगदी पायाशी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"सुरमाकान," ते म्हणाले. "इसाकची मुलगी."

आणि कड्यानं ते परत दिलं. सुरमाकान. फक्त नाव, बापाचं नाही. लांबवलेलं, मोठ्यानं, कुणी तोंडाशी दोन्ही हात धरून घालावी तशी हाक. पुरुषाचाच आवाज होता. आकेंचा नव्हता, एवढं मी नक्की सांगू शकतो, कारण त्यांचा आवाज मी इतकी वर्षं मोठा करत आलो आहे.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. आम्हाला बाद करायचं ते विसरूनच गेले. सामना झाला, आम्ही हरलो. आमच्या एकाही घोड्यानं कड्याच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

मी आकेंना घरी सोडायला गेलो. आपा दारातच बसली होती. पायात बूट, अंगावर जाड कोट, मांडीवर गाठोडं.

"बाबांनी हाक मारली," ती म्हणाली. "तुम्ही ऐकली?"

आकेंचे वडील वारले त्याच वर्षी, फार पूर्वी, आपाचेही वारले होते. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

"ऐकली," आके म्हणाले.

"मग जाते मी. दिवसाउजेडी, या दारातून, माझ्या पायांनी."

आकेंनी मान हलवली. खुंट्याला बांधलेला घोडा सोडून त्यांनी स्वतः लगाम धरला, पण ती घोड्यावर बसली नाही. आत गेली, किटली उचलली आणि त्यांच्या प्याल्यात तळाशी थोडासा चहा ओतला.

"बसा," ती म्हणाली. "मी येईपर्यंत."

आणि ती पुलाकडे, कड्याच्या दिशेनं चालू लागली. धुक्यात दिसेनाशी झाली तरी तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत होता. आके तो प्याला हातात धरून बसले. मी निघालो तेव्हा त्यांनी अजून एक घोटही घेतला नव्हता.