दोनदा वाजलेली घंटा

“काहून अडली वं लाइन? समोर झोपले का कोणी?”

मागून आलेलं ते वाक्य ऐकून माझी मान खाली गेली. लाइन आमच्यामुळेच अडली होती. महाल भागातल्या आमच्या मारुतीच्या देवळात गाभाऱ्यामागची वाट एका माणसापुरतीच आहे. शनिवारची गर्दी, आणि प्रदक्षिणेच्या मधोमध बाबांचे पाय जमिनीला चिकटले होते. पार्किन्सन्समध्ये असं होतं. हल्ली त्यांचं विसरणंही वाढलंय. घरून निघतानाच ते म्हणाले होते, “आज जमलं नाही, तर मले पुन्हा बाहेर नेऊ नको वं.”

“गाडी बंद पडली,” आता ते हळूच म्हणाले.

बाबांच्या व्यायामवर्गातल्या मॅडमनी सांगितलं होतं, पाय अडले की ओढायचं नाही. आधी श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग तळव्यांकडे. मग चालता चालता काहीतरी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही कामाला लागतात. बाबा एसटीत कंडक्टर होते, म्हणून आम्ही उमरेड रस्त्यावरच्या थांब्यांची नावं निवडली होती. घरी ते सुरळीत चालायचं. पण लोकांसमोर माझा आवाजच निघत नाही, अगदी शाळेपासून. मी त्यांच्या कानाशी कुजबुजत राहिले आणि त्यांचा दंड आवळत गेले. शेवटी मनात म्हटलं, देवा, माझ्याने होत नाही, आता तूच बघ. आणि पकड सैल केली.

तेवढ्यात समोरच्या सभामंडपात कोणीतरी घंटा वाजवली. दोनदा. टण, टण.

एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बाबांची टाच उचलली गेली. “दिघोरी,” ते म्हणाले आणि पाऊल पडलं. “विहीरगाव.” दुसरं पडलं.

घंटा कोणी वाजवली, मला आजही माहीत नाही. देवळात घंटा वाजतेच, हेही कळतं. तरी त्या अनोळखी हाताला मी रोज नमस्कार करते. बाबांना मी एकटीनेच धरून ठेवलंय, असं मला वाटायचं. त्या अरुंद वाटेत ते ओझं थोडं उतरलं.

वळणावर बाबा पुन्हा थांबले. पुढचं गाव आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागे सगळी लाइन उभी होती, आणि घंटा आता वाजत नव्हती. मी श्वास घेतला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “पाचगाव! चला, पाचगाव!”