न उघडलेली पाती

कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने पुढची काच काढून मला आतली दोन काळी पाती दाखवली. कांद्याच्या सालीसारखी पातळ.

"काका, बटण दाबलं की या तारेच्या गुंडाळीत करंट येतो, तिचं लोहचुंबक होतं आणि ते पाती ओढून उघडतं. तुमची तार तुटलीय. आवाज येत होता, रोलही पुढे सरकत होता, पण पाती उघडलीच नाहीत. म्हणून रोल कोरा निघाला."

त्या रोलवर माझी बायको होती. तिचे शेवटचे फोटो. आजारपणातही दर फोटोच्या आधी चष्मा काढून माझ्या हातात द्यायची आणि पदर सारखा करायची. "लवकर काढा, का माझं तोंड दुखेपर्यंत हसवताय?" म्हणायची. ती हसली, मी बटण दाबलं, आणि आत अंधारच होता.

त्याने तार जोडली, सेल घातला. पाती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चिमूटभर वीज पुरली त्यांना. माणसाची पापणी कोण ओढतं, कुणास ठाऊक. तिची मिटली तेव्हा डॉक्टर होता, पोरगा होता, मी होतो. तिघंही नुसते उभे राहिलो.

"झालं काका. एक काढून बघा, हमखास येईल."

तो समोरच्या स्टुलावर कॉलर सरळ करून बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. माणूस चांगला आहे, पण त्याचा फोटो घेऊन मी काय करू? बोट काही दाबेना.